गावाने राखलेला पब : हेस्केट न्यूमार्केटच्या ‘ओल्ड क्राउन’चे प्रकरण

इंग्लंडच्या वायव्य भागात, कंब्रिया परगण्यात, लेक डिस्ट्रिक्टच्या डोंगररांगा उत्तरेकडे उतरत जिथे शेतजमिनीला मिळतात, तिथे हेस्केट न्यूमार्केट नावाचे एक लहान गाव आहे. मध्यभागी गवताची लांबट मोकळी जागा, तिच्या कडेने दगडी घरे आणि पाठीशी कॅल्डबेकचे डोंगर, एवढाच त्याचा पसारा. एके काळी इथे बाजार भरत असे, हे गावाच्या नावातच दिसते. ‘ओल्ड क्राउन’ हा गावातला पब. २००३ मध्ये गावातल्या व आसपासच्या सुमारे सव्वाशे लोकांनी पैसे एकत्र करून तो विकत घेतला आणि ब्रिटनमधला सहकारी मालकीचा पहिला पब म्हणून त्याची नोंद झाली.

हे प्रकरण मला अभ्यासण्याजोगे वाटते, कारण ग्रामीण पब टिकतो की बुडतो हे काउंटरमागच्या माणसाच्या कष्टांवर जितके अवलंबून असते, त्याहून अधिक ते इमारत कोणाच्या मालकीची आहे यावर ठरते, ही गोष्ट इथे फार स्पष्ट दिसते. इंग्लंडमध्ये पब चालवणाऱ्याला लँडलॉर्ड म्हणण्याची रीत असली, तरी तो बहुतेक वेळा स्वतःच भाडेकरू असतो. पबची मालकी सहसा कोणाकडे होती आणि ती कशी बदलत गेली, हे आधी पाहिल्याशिवाय २००३ मधल्या निर्णयाचे वजन ध्यानात येणार नाही.

चालक आणि मालक

१५५२ च्या कायद्याने एल, म्हणजे पारंपरिक इंग्लिश बिअर, विकणाऱ्या घरांना स्थानिक न्यायदंडाधिकाऱ्यांचा परवाना सक्तीचा झाला. गावातले एखादे कुटुंब शेती किंवा हातकाम सांभाळून घरातल्या पुढच्या खोलीत एल विकत असे, आणि अनेकदा ती घरीच बनवत असे. चालक, मालक आणि मद्य तयार करणारा हे तिघे एकाच घरात नांदत होते. १८३० च्या बिअरहाउस कायद्याने तर दोन गिनी भरून कोणाही करदात्या घरमालकाला बिअर विकण्याची मुभा दिली आणि अशी हजारो घरे देशभर उघडली. १८६९ मध्ये परवान्याचे अधिकार पुन्हा दंडाधिकाऱ्यांच्या हाती गेले, नवे परवाने दुर्मीळ झाले, आणि त्यामुळे जे परवाने आधीच अस्तित्वात होते त्यांची किंमत एकाएकी वाढली. मोठ्या ब्रुअऱ्यांनी, म्हणजे बिअर बनवणाऱ्या कारखान्यांनी, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत पबच्या इमारती विकत घेण्याचा सपाटा लावला तो या कारणाने. इमारत ब्रुअरीची झाली, चालक तिचा भाडेकरू झाला, आणि बिअर फक्त त्याच ब्रुअरीकडून घ्यायची अशी अट करारात आली.

या बांधिलकीत भाडे दोन वाटांनी वसूल होते. एक इमारतीचे उघड भाडे, आणि दुसरे बिअरच्या दरात दडलेले, कारण बांधील चालकाला तेच पिंप खुल्या बाजारापेक्षा महाग पडते. अर्थात मालक ब्रुअरी असे तोवर तिचेही हित पब चालू राहण्यात होते, कारण पब बंद पडला तर तिच्या मालाची विक्रीच थांबणार. चालक आजारी पडला किंवा एखादा हिवाळा वाईट गेला तर जुन्या प्रादेशिक ब्रुअऱ्या थोडेफार सांभाळून घेत. ही व्यवस्था आदर्श नव्हती, पण तिला मालाच्या विक्रीचा तरी आधार होता.

त्या आधाराला धक्का दिला तो ग्राहकाच्या भल्यासाठी केलेल्या एका सुधारणेने. मोठ्या ब्रुअऱ्यांची मक्तेदारी मोडावी म्हणून १९८९ मध्ये सरकारने आदेश काढले, आणि २,००० पेक्षा जास्त पब असलेल्या ब्रुअरीला त्यावरच्या संख्येपैकी निम्मे पब बांधिलकीतून मोकळे करणे भाग पडले. अपेक्षा अशी होती की ते पब स्वतंत्र चालकांच्या हाती जातील. प्रत्यक्षात ब्रुअऱ्यांनी ते गठ्ठ्याने विकले आणि घेणाऱ्या निघाल्या बिअर न बनवणाऱ्या, केवळ पबच्या मिळकती बाळगणाऱ्या नव्या कंपन्या. त्यांनी कर्ज काढून हजारो पब घेतले, बांधिलकीची अट तशीच ठेवली, आणि कर्जाच्या हप्त्यांचा भार शेवटी चालकाच्या भाड्यावर आला. अशा मालकाच्या दृष्टीने पब बंद पडणे ही आपत्ती राहिली नाही, कारण खेड्यातली दगडी इमारत घर म्हणून विकली तर पुष्कळदा जास्त पैसे येतात. २००० च्या सुमारास ब्रिटनमध्ये सुमारे ६०,००० पब होते; २०१९ पर्यंत ही संख्या ४७,००० च्या आसपास आली. सुपरमार्केटमधली स्वस्त बिअर, मद्यपान करून वाहन चालवण्याविरुद्धचे कडक नियम, इंग्लंडमध्ये १ जुलै २००७ पासून लागू झालेली धूम्रपानबंदी ही कारणे खरीच आहेत. पण दूरच्या मालकाला पब राखण्यात रस उरला नाही, हे कारण त्यांच्यापेक्षा कमी मोजले जाते असे माझे मत आहे.

हेस्केट न्यूमार्केटपुरते बोलायचे तर या गावाला गमावण्याचा अनुभव आधीपासून होता. सप्टेंबर १८५७ मध्ये कादंबरीकार चार्ल्स डिकन्स आणि विल्की कॉलिन्स या भागात फिरायला आले, जवळच्या कॅरक फेल या डोंगरावर चढले, उतरताना कॉलिन्स यांचा घोटा मुरगळला, आणि त्या प्रवासात ते या गावातल्या एका पथिकगृहात थांबले होते. ते पथिकगृह ‘ओल्ड क्राउन’ नव्हे. ती इमारत आज राहते घर आहे. बाजाराच्या गावाला एकाहून अधिक पथिकगृहे परवडत होती. बाजार गेला, वर्दळ गेली, आणि गावात पब म्हणून ‘ओल्ड क्राउन’ तेवढा उरला.

कार्लाइलचा शेजार

या परिसराच्या इतिहासात मालकीचा आणखी एक प्रयोग आहे, आणि तो इथून वीसेक किलोमीटरवर कार्लाइलमध्ये झाला. पहिल्या महायुद्धात स्कॉटलंडच्या सीमेवरच्या ग्रेटना इथे दारूगोळ्याचा प्रचंड कारखाना उभा राहिला. हजारो मजूर कार्लाइलच्या पबमध्ये लोटू लागले, आणि दारूपायी उत्पादनावर परिणाम होतो या चिंतेने सरकारने १९१६ मध्ये त्या भागातल्या ब्रुअऱ्या आणि पब थेट ताब्यात घेतले. चालक पगारी व्यवस्थापक झाले. जास्त बिअर विकली म्हणून त्यांना जास्त मिळत नसे. उलट जेवण आणि इतर पेये विकण्याला उत्तेजन दिले जाई. काही पब बंद केले, काही नव्याने, मोठ्या खिडक्यांचे आणि हवेशीर असे बांधले. युद्ध संपल्यावरही ही योजना चालूच राहिली आणि १९७० च्या दशकाच्या आरंभी सरकारने ती मोडीत काढून पब विकून टाकले.

म्हणजे एकाच परगण्यात, दीडशे वर्षांच्या आत, पबचा मालक म्हणून घरचे कुटुंब, ब्रुअरी, सरकार आणि मिळकतीची कंपनी असे सगळे येऊन गेले होते. गाव स्वतः मालक होण्याचा प्रकार तेवढा राहिला होता.

कोठारातली ब्रुअरी

जिम आणि लिझ फर्न्ली हे दांपत्य १९८० च्या दशकात ‘ओल्ड क्राउन’ चालवत होते. इमारत त्यांच्या स्वतःच्या मालकीची असल्याने कोणाची बिअर विकायची हे ठरवायला ते मोकळे होते. १९८८ मध्ये त्यांनी पबच्या मागच्या जुन्या कोठारात एक छोटी ब्रुअरी सुरू केली. पुढे तिच्या बिअरांना भोवतालच्या डोंगरांची नावे मिळत गेली, जसे स्किडॉ, ब्लेनकॅथ्रा, हेलवेलिन. एकीला लिझ यांच्या आईचे, डोरिस यांचे नाव मिळाले, तेही त्यांच्या नव्वदाव्या वाढदिवसाच्या निमित्ताने.

ही हौस नव्हती, त्यामागे पक्का हिशेब होता, आणि तो समजण्यासाठी पबच्या तळघरात डोकवावे लागते. पारंपरिक इंग्लिश एल पिंपातच दुसऱ्यांदा आंबते. पिंप आले की ते लाकडी घोडीवर आडवे ठेवायचे, वरच्या भोकात आधी मऊ, सच्छिद्र लाकडाची खुंटी ठोकायची म्हणजे आतला जादा वायू हळूहळू निघून जातो, मग टणक खुंटीने ते बंद करायचे, यीस्टचा गाळ खाली बसू द्यायचा, आणि मगच तोटी लावायची. तळघर वर्षभर १२-१३ अंश सेल्सियसच्या आसपास राहिले पाहिजे. तोटी लागली आणि हातपंपाने पहिला पाइंट (अर्ध्या लिटरहून थोडे मोठे माप) ओढला की बाहेरची हवा पिंपात शिरते, आणि तिथून पुढे साधारण तीन दिवसांत ते पिंप संपले पाहिजे. नंतर एल आंबूस आणि निर्जीव लागते. फर्किन म्हणजे नऊ गॅलनच्या लहान पिंपातही ७२ पाइंट असतात. शहरातल्या पबला ते एका संध्याकाळचे काम आहे. पण पावसाळी नोव्हेंबरात, डोंगरात फिरायला कोणी येत नसताना, खेड्यातल्या चालकाकडे मंगळवारी तोटी लावलेल्या पिंपातली निम्मी बिअर शुक्रवारी मोरीत ओतण्यावाचून मार्ग नसतो, आणि तिची किंमत त्याने आधीच मोजलेली असते.

म्हणूनच अशा पबसाठी बिअर कुठून येते आणि कोणत्या दराने येते हा जीवनमरणाचा प्रश्न असतो. कोठारातल्या ब्रुअरीमुळे वाहतुकीचा खर्च जवळजवळ राहिला नाही, गरजेप्रमाणे माल आणता आला, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे ती बिअर पिण्यासाठी लांबून लोक येऊ लागले. चांगल्या एलचे शौकीन आणि डोंगर चढणारे एकाच टेबलावर बसू लागले. एव्हरेस्टच्या नैऋत्य भिंतीवरून १९७५ मध्ये यशस्वी चढाई करणाऱ्या मोहिमेचे नेते क्रिस बॉनिंग्टन यांचे याच परिसरात दीर्घकाळ वास्तव्य राहिले आहे. या पबच्या पाठीराख्यांमध्ये त्यांचे नाव ठळक आहे.

१९९० च्या दशकात फर्न्ली यांनी पब एका दांपत्याला विकला आणि ब्रुअरी स्वतःकडे ठेवली. पुढे १९९९ मध्ये ब्रुअरीतूनही निवृत्त व्हायची वेळ आली, तेव्हा तिचे काय होणार हा प्रश्न उभा राहिला. बाहेरच्या खरेदीदाराने यंत्रसामग्री उचलून नेली असती किंवा फक्त नाव घेतले असते, तर ‘ओल्ड क्राउन’चा आधारच गेला असता. तेव्हा पबच्या गिऱ्हाइकांपैकी पन्नासहून अधिक जणांनी सहकारी संस्था काढून ब्रुअरी विकत घेतली. चार वर्षांनी जे घडले त्याची रंगीत तालीम इथे झाली, आणि ती झाली नसती तर २००३ चा निर्णय गावाला झेपला असता असे मला वाटत नाही. भागभांडवल कसे उभे करायचे, सभासदांच्या सभा कशा घ्यायच्या, वाद कसे मिटवायचे, हे शिकलेली माणसे गावात तयार झाली होती.

२००३

मधली काही वर्षे कंब्रियाला फार जड गेली. २००१ मध्ये ब्रिटनभर गुरामेंढ्यांमध्ये लाळ्या-खुरकुताची साथ पसरली. देशात नोंदलेल्या २,००० हून थोड्या अधिक प्रादुर्भावांपैकी चाळीस टक्क्यांहून जास्त एकट्या कंब्रियातले होते. कळपच्या कळप मारावे लागले, डोंगरवाटा बंद झाल्या, पर्यटक थांबले. शेतकरी आणि प्रवासी या दोन्हींवर जगणाऱ्या गावाला तो दुहेरी फटका होता. शेजाऱ्याच्या वाड्यावर रोगाचे संकट असताना एकमेकांकडे जाणेही थांबते; साथ ओसरल्यावर माणसे पुन्हा एकत्र यायची ती जागा अशा गावात पब हीच असते.

या पार्श्वभूमीवर पबच्या तत्कालीन चालक-मालकांनी निवृत्त होण्याचे ठरवले. आपल्या माघारी पब एखाद्या कंपनीच्या साखळीत जाईल, मागच्या कोठारातली बिअर बंद होईल, किंवा इमारतीचे घर होईल, ही भीती निराधार नव्हती. शिवाय त्या वेळी गावाला कायद्याचा फारसा आधार नव्हता. एखादी जागा ‘सामुदायिक मूल्याची मालमत्ता’ म्हणून नोंदवण्याची आणि ती विक्रीला निघाल्यास गावाला बोली लावण्यासाठी सहा महिन्यांची उसंत देण्याची तरतूद २०११ च्या लोकॅलिझम कायद्याने आली. पबचे दुकान करायचे तर नियोजन परवानगी लागेल, हा नियम तर इंग्लंडमध्ये २०१७ मध्ये झाला. २००३ मध्ये बरेचसे विकणाऱ्याच्या मनावर होते, आणि ‘ओल्ड क्राउन’च्या मालकांनी गावाला विकण्याची तयारी दाखवली, हे या प्रकरणातले पहिले श्रेय आहे.

सुमारे सव्वाशे सभासदांनी संस्थेचे भाग (शेअर) विकत घेतले. आधुनिक सहकारी चळवळीचे प्रवर्तक मानल्या जाणाऱ्या, इंग्लंडमधल्या रोचडेलच्या अठ्ठावीस जणांनी १८४४ मध्ये घालून दिलेला ‘एक सभासद, एक मत’ हा दंडक इथेही लागू झाला. मराठी वाचकाला हा दंडक पतपेढीपासून साखर कारखान्यापर्यंत परिचित आहे, आणि सत्ता मूठभरांच्या हाती गेली की त्याचे काय होते हेही परिचित आहे. म्हणून या संस्थेने घेतलेला दुसरा निर्णय मला पहिल्याइतकाच महत्त्वाचा वाटतो : सभासदांनी पब स्वतः चालवला नाही. इमारत संस्थेची, आणि धंदा भाडेकराराने घेतलेल्या चालकाचा, अशी विभागणी त्यांनी केली. भाडे संस्थेला मिळते, नफा-तोट्याची जबाबदारी चालकाची. कोणता पदार्थ करायचा, कोणाला कामावर ठेवायचे, कोणाला पुरे म्हणायचे, यात सव्वाशे मालकांची सव्वाशे मते चालली असती तर कोणताही चालक टिकला नसता.

इथे एक आक्षेप घेतला जाईल. महाराष्ट्रात गावोगावच्या महिलांनी मतदान करून ‘आडवी बाटली’ केली, दारूची दुकाने बंद पाडली. मग दारूच्या दुकानासाठी गाव वर्गणी काढते याचे कौतुक कशाला? आक्षेप गंभीर आहे आणि ग्रेटनाच्या काळात इंग्लंडनेही तो गंभीरपणे घेतला होता. पण खेड्यातल्या पबमध्ये दुपारी म्हातारी माणसे सूप घेत बसतात, संध्याकाळी ग्रामसमितीची बैठक होते, लग्नाची बोलणी आणि मृत्यूनंतरचे चहापान तिथेच होते. दुकान, टपाल कचेरी, शाळा एकेक करून बंद होत गेलेल्या गावात चार माणसांनी बसावे असे छप्पर पुष्कळदा हेच उरते. गाव विकत घेते ते छप्पर.

पुढे काय झाले

तेव्हाचे युवराज चार्ल्स यांनी या पबला भेट दिली. खेड्यांतल्या पबनी दुकान, टपाल, वाचनालय अशा सेवा सामावून घ्याव्यात म्हणून त्यांच्याच पुढाकाराने २००१ मध्ये ‘पब इज द हब’ ही संस्था निघाली होती. देशाच्या इतर भागांतून लोक ‘ओल्ड क्राउन’च्या संस्थेची नियमावली आणि भाडेकरार कसा आहे हे विचारू लागले. आयरिश सहकारी चळवळीचे प्रवर्तक होरेस प्लंकेट यांनी १९१९ मध्ये स्थापलेल्या प्लंकेट फाउंडेशनने पुढे अशा गावांना सल्ला देण्याचे काम हाती घेतले, आणि समुदायाच्या मालकीच्या पबची संख्या दीडशेच्या पुढे गेली.

त्यांपैकी यॉर्कशायरमधल्या हडस्वेलच्या ‘जॉर्ज अँड ड्रॅगन’चा उल्लेख करायला हवा, कारण तिथे गावाने पब बंद पडल्यानंतर हालचाल केली. २००८ मध्ये तो बंद झाला, गावकऱ्यांनी संस्था काढली, आणि जून २०१० मध्ये तिथले खासदार व तत्कालीन परराष्ट्रमंत्री विल्यम हेग यांच्या हस्ते तो पुन्हा उघडला. त्यात छोटे दुकान आले, वाचनालय आले, मागे भाजीपाल्याचे वाफे आले. पारंपरिक एलसाठी १९७१ पासून झटणाऱ्या ‘कॅम्रा’ या ग्राहक संघटनेने २०१६ चा राष्ट्रीय सर्वोत्तम पब म्हणून त्याची निवड केली. तिथेही मालक गाव आणि चालक भाडेकरू, हीच विभागणी होती.

‘ओल्ड क्राउन’मध्ये २००३ नंतर काउंटरमागची माणसे एकाहून अधिक वेळा बदलली. काहींना हे अपयश वाटते. मला तसे वाटत नाही. पूर्वी चालक बदलताना पब राहणार की जाणार हा प्रश्न दर वेळी नव्याने उभा राहत होता, तो आता राहत नाही. परंतु एक प्रश्न मात्र या रचनेने सोडवलेला नाही. फर्न्ली दांपत्य आणि त्यांच्यानंतरचे मालक यांनी इमारत विकून म्हातारपणाची सोय केली. ब्रुअरी आणि पब यांच्या मोबदल्यात गावाने दिलेला पैसा त्यांच्या अनेक वर्षांच्या कष्टांची परतफेड होता. आजचा चालक पहाटे पिंपे उतरवून घेतो, दर आठवड्याला नळ्या धुतो, रात्री अकरानंतर हिशेब लिहितो, आणि बहुधा पबच्याच माडीवर राहतो. करार संपला की त्याला धंद्याबरोबर राहते घरही सोडावे लागते, आणि विकायला हाती काही नसते. त्याने पबची गिऱ्हाइकी वाढवली असेल तर त्या वाढीचे मूल्य इमारतीत जमा होते, म्हणजे संस्थेकडे राहते.

सहकारी संस्थांना यावर उपाय करता येण्यासारखा आहे. कराराची मुदत लांबवणे, पहिल्या काही वर्षांत भाडे उलाढालीशी जोडणे, आणि चालक जाताना त्याने वाढवलेल्या धंद्याचा काही मोबदला त्याला मिळेल अशी तरतूद आधीच लिहून ठेवणे, या गोष्टी पाचशे किंवा त्याहून जास्त बांधील पब असलेल्या कंपन्यांसाठी २०१६ मध्ये आलेल्या पब्ज कोड या नियमावलीच्या कक्षेबाहेरच्या असल्या तरी सभासदांच्या एका सभेत मंजूर होऊ शकतात. सव्वाशे मालकांना आपला पब ज्याच्या हातावर चालतो त्याच्याशी टेबलापलीकडे बसून हे बोलता येते; दूरच्या कंपनीच्या चालकाला ती सोय कधीच नव्हती.